किल्लारीचा भूकंप आणि आपल्या दिंडीतलं एक लेकरू



शताब्दी ग्रंथाच्या समितीनं भूकंपाच्या सालावर लिहायचं काम माझ्याकडं दिलं. मला उभं राहून बोलायची सवय, बसून लिहायची नाही. शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन समितीतल्या गुरुजींनी तपासलं आहे, पण मजकूर माझा आहे.

या ग्रंथात दोन याद्या छापल्या आहेत. पहिली यादी १९९३ च्या आषाढीला आपल्या दिंडीत पंढरपूरपर्यंत चाललेल्या माणसांची. दुसरी यादी त्याच साली ३० सप्टेंबरला भूकंपात गेलेल्या आपल्या वारकऱ्यांची. दोन्ही याद्या शेजारी धरून वाचल्या तर एक नाव असं सापडंल, जे पहिलीत आहे, दुसरीत नाही, आणि त्या सालानंतर दिंडीत चालताना ते माणूस कुणी पाहिलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटंल छापखान्यानं गाळलं. छापखान्यानं गाळलेलं नाही. ते नाव दुसऱ्या यादीत घालायचं का नाही यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. एका बैठकीत तर आवाज चढले. शेवटाला ठरलं की घालायचं नाही, आणि का घातलं नाही ते एकदा कागदावर यावं.

त्या लेकराचं नाव मी या लेखात लिहीत नाही. त्याच्या आईनंच सांगितलं. ती म्हणाली, "यादीत हाय तेवढं बास. लेखात आलं की ते गोष्टीतलं होतंय." म्हणून इथं त्याला लेकरू म्हणतो, त्याच्या आज्याला विणेकरी बाबा म्हणतो, आणि त्याच्या आईला मी पहिल्यापासून वहिनी म्हणतो, तेच ठेवतो.

आजची तरणी पोरं नव्या गावात जन्मली. त्यांना जुनं गाव म्हणजे वेड्या बाभळीचं रान एवढंच ठाऊक. म्हणून आधी थोडं सांगावं लागंल. आमच्याकडची जुनी घरं खणाची, माळवदाची. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर लाकडाचं किलच, आणि त्याच्यावर हातभर पांढरी माती. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर साली माळवदावर मातीचा नवा थर. आज्यानं टाकला, बापानं टाकला, आपण टाकला, काढला कुणीच नाही. भिंती दगडाच्या, दोन-दोन हात रुंद, पण सांध्यात नुसता चिखल. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असायचा. ज्याच्या घराला जास्त खण तो मोठा, असा मान होता. भूकंपानं तो मान उलटा केला. ज्यांचं छप्पर पाल्याचं, कुडाचं, पत्र्याचं, ती माणसं वाचली.

धरणीनं आधी सांगितलं नव्हतं असंही नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या बाजूला जमिनीतून गुरगुर यायची, भांडी वाजायची. ऑक्टोबरात चांगला जोराचा धक्का बसला. लोक अंगणात, रानात, मंदिरापुढं झोपायला लागले. बरेच दिवस झोपले. मग काही होईना, थंडी वाढली, विंचूकाट्याचं भ्याव, हळूहळू सगळे परत आत गेले.

१९९३ ला अधिक भाद्रपद होता. धोंड्याच्या महिन्यानं गणपती लांबले आणि अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला आली. रात्री उशिरापर्यंत मिरवणूक चालली. आपल्या दिंडीचेच टाळकरी गणपतीपुढं भजनाला होते. गाव दमून झोपलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सगळं मिळून पाऊण मिनिटसुद्धा नसंल. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, तळणी, पेठसांगवी, किती नावं घ्यावीत. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली. माणसं जवळपास ८ हजार गेली. मी त्या रात्री रानात बैलांजवळ झोपलो होतो. उजाडताना गावाकडं आलो तर गाव दिसंना, नुसता पांढऱ्या धुळीचा ढग. काय पाहिलं ते मी किर्तनातही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागला. जेवू घालणारेच राहिले नव्हते तिथं पितरांना कोण घालणार.

आता लेकराचं. त्या आषाढीला ते सहावं चालू होतं. आज्याबरोबर वारी केली, निम्मी पायी आणि निम्मी आज्याच्या खांद्यावर. पंढरपुरात चंद्रभागेत अंघोळ घालून विणेकरी बाबांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. वाळवंटात एक फोटोवाला हिंडत होता, त्याच्याकडून सगळ्या दिंडीचा फोटो काढला. तो फोटो या ग्रंथात छापला आहे. मधोमध विणा घेतलेले बाबा, खांद्यावर लेकरू. पण फोटो काढताना बाजूनं फुगेवाला गेला म्हणून त्यानं मान वळवली. कानशील दिसतंय, तोंड दिसत नाही. त्या लेकराचा दुसरा फोटो नाही.

भूकंपाच्या रात्री ते आज्याजवळ ओसरीवर झोपलं होतं. वहिनी आणि तिची थोरली मुलगी आतल्या खोलीत. लेकराचा बाप रानात जोंधळ्याच्या राखणीला. बाबांची बायको चुलीजवळच्या खोलीत. त्या घरातले बाबा, त्यांची बायको आणि थोरली मुलगी गेली. वहिनीला दुपारी काढलं. कमरेखाली सगळं चेंगरलेलं, शुद्ध नव्हती. तिला त्याच रात्री ट्रकनं सोलापूरला नेलं, तिथं ती दोन महिने होती. म्हणजे लेकराचं काय झालं हे तिनं स्वतः पाहिलेलं नाही.

मी फौजदार नाही. पण या तीस वर्षांत ज्यानं ज्यानं त्या दिवशी काही पाहिलं त्याला मी विचारलं. वारीत रोज वीस-वीस किलोमीटर चालायचं असतं, माणूस चालता चालता बोलतो. घरी बसून जे सांगत नाही ते वाटेनं सांगतो. जे ऐकलं ते असं.

बापाचं म्हणणं पहिलं. तो दिस उगवायच्या आत रानातून पळत आला आणि ओसरीचा ढीग हातानं उपसायला लागला. बाबा सापडले, तुळई छातीवर होती. बाबांच्या कुशीला लेकराची गोधडी सापडली. गोधडीवर माती कमी होती आणि गोधडी रिकामी होती. ही गोष्ट त्यानं मला जशी पहिल्या वर्षी सांगितली तशीच मरेपर्यंत सांगितली, एक शब्द इकडं तिकडं झाला नाही. ओसरी रस्त्याच्या बाजूला होती. भिंत बाहेर पडली आणि छत आत. लेकरू बाहेर फेकलं गेलं किंवा रांगत निघालं, दोन्ही होऊ शकतं.

दुसरं म्हणणं आपल्या दिंडीच्या मृदंग्याचं. तो आता हयात नाही. उजाडताना मारुतीच्या पारावर त्यानं एक पोरगं बसलेलं पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं, डोळे तेवढे काळे. सगळीच माणसं पांढरी झाली होती, सख्खा भाऊ ओळखू येत नव्हता. त्यानं विचारलं, "कुणाचा रं तू?" पोरगं बोललं नाही. त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसायला घेतलं तेवढ्यात त्याच्या घराकडून हाक आली, त्याची बायको बोलत होती ढिगाऱ्याखालून. तो पळाला. गळ्यात माळ होती का? होती, असं तो म्हणायचा. पण खरं सांगायचं तर पहिल्या दोन-तीन वर्षांत तो माळेचं बोलला नव्हता, नंतर बोलायला लागला. माणसाच्या आठवणीत मागून भर पडते. त्यामुळं माळेवर मी भार देत नाही. पारावर पोरगं होतं आणि ते जिवंत होतं, एवढं मी धरतो.

तिसरं म्हणणं खालच्या आळीतल्या एका म्हातारीचं. दिवस कासराभर वर आला असताना गावाबाहेरच्या रस्त्यावर एक टेम्पो उभा होता, जखमींना घेत होता. त्यात एका परक्या माणसानं एका पोराला उचलून ठेवलं. पोरगं रडत होतं. परका माणूस म्हणजे कोण? त्या दिवशी बाहेरून किती माणसं आली त्याची गणती नाही. मदतीला आली, बघायला आली, काही तर ढिगातलं सोनंनाणं चाचपायला आली. टेम्पो फाट्यावरून उमरग्याकडं गेला का लातूरकडं, ते तिनं पाहिलं नाही. त्या दिवशी आपल्या गावातून टेम्पोनं गेलेल्या आणि वाचलेल्या दोघी बायकांना मी गाठलं. दोघी म्हणतात आमच्यात लेकरू नव्हतं. पण टेम्पो एकच गेला नाही.

चौथं, ज्यांनी सरणं रचली त्यांचं. हे लिहायला जड जातं, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इतकी प्रेतं, आणि मागोमाग पाऊस लागला. वास सुटायला लागला. रोगराई होईल म्हणून घाई करा असं सगळीकडून सांगणं होतं. घराच्याच तुळया, घराचंच किलच, वर रॉकेल, आणि एका सरणावर पाच-दहा जण. ज्यांच्यात पुरायची रीत तेही काही त्यात गेले. बारकी लेकरं ओढ्याच्या काठाला पुरली. कुणाकुणाला ठेवलं याची नोंद पहिल्या दिवशी कुणी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी तलाठ्यानं वहीत टिपायला घेतलं, पण वळख पटेल तेवढंच टिपलं. ज्यांनी ही कामं केली त्यांतले तिघं आजही आहेत. लेकराच्या घरची माणसं त्यांच्या ओळखीची होती. तिघंही म्हणतात की माळ घातलेलं त्या वयाचं पोर आमच्या हाताखालून गेलं नाही. "पण पहिल्या सांजंचं सांगता येत नाही," असंही एकजण म्हणतो. ते मी लपवत नाही.

पाचवी गोष्ट कागदाची, आणि ती सगळ्यात वाईट. लेकराचा बाप बाबांची राख सावडून पाचव्या दिवशी शोधायला निघाला. हातात फोटो नाही, सांगायचं तर फक्त वय, माळ, कमरेला काळा करदोडा आणि डाव्या भुवईला दाराच्या कडीची जुनी खोक. उमरगा, लातूर, सोलापूर, जिथं जिथं जखमी नेले तिथं तिथं तो गेला. एका दवाखान्यात, त्याचं नाव मी घेत नाही, तिथल्या वहीत एक ओळ होती. अनोळखी मुलगा, वय अंदाजे ५. पुढच्या रकान्यात लिहिलेलं, नातेवाइकांच्या ताब्यात. कोणत्या नातेवाइकांच्या? नाव नाही, गाव नाही, अंगठा नाही. तारीख १ ऑक्टोबर. बापानं तिथल्या माणसांना विचारलं तर ते तरी काय सांगणार. तीन-तीन दिवस झोपलेले नव्हते, व्हरांड्यात जमिनीवर माणसं निजवली होती.

ती ओळ आपल्या लेकराची होती का दुसऱ्या कुणाच्या, हे कधी ठरलं नाही. पण माझं मत विचाराल तर ते लेकरू गावातून जिवंत बाहेर पडलं. गोधडी रिकामी होती, पारावर पोरगं होतं, टेम्पोत पोरगं होतं. पुढं काय झालं याचे दोनच मार्ग आहेत. एक तर ते पुढं दवाखान्यात किंवा वाटंत गेलं आणि दुसऱ्याच गावच्या माणसांबरोबर त्याला माती मिळाली. नाहीतर कुणीतरी त्याला आपलं समजून नेलं. यात नेणारा चोरच असंल असं मी म्हणत नाही. ज्याचं स्वतःचं लेकरू ढिगाऱ्यात राहिलं, त्याच्या पुढं त्याच वयाचं, मातीनं माखलेलं, न बोलणारं पोरगं आलं, तर त्या माणसाला काय दिसलं असंल ते परमेश्वराला ठाऊक.

त्या दिवसांत आशा लागायलाही कारणं होती. मंगरूळला लष्कराच्या जवानांनी दीड वर्षाची पोर पाचव्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत काढली, बाजेखाली सापडली. ती बातमी सोलापूरला खाटेवर पडलेल्या वहिनीपर्यंत गेली आणि तिथून ती जी बसली ती बसलीच. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपातली बाराशेच्या आसपास पोरं वाघोलीला शिकायला नेली होती. बाप तिथंही गेला. त्याला सगळी पोरं दाखवली. त्यात ओळखीच्या गावची पोरं भेटली, आपलं नाही. नळदुर्गजवळ भूकंपातल्या निराधार पोरांसाठी आपलं घर सुरू झालं. आपली दिंडी नळदुर्गवरूनच जाते, तिथंही जाऊन आलो.

जोशी, देवऋषी, पाणी पाहणारे यांनी त्या घरातला पैसा किती खाल्ला त्याचा हिशोब मी देत नाही. एकजण म्हणाला पूर्वेला आहे, दुसरा म्हणाला पाण्याकाठी आहे. पाण्याकाठी सगळंच जग आहे.

सरकारी यादीत दोन रकाने होते, मयत आणि बेपत्ता. मदतीची रक्कम मयताच्या वारसाला. बापाला गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, अंगठा दे, प्रेत न मिळालेल्या बऱ्याच जणांचं पंचनाम्यावर झालंय. तो तयार झाला. त्यात काही वावगं नव्हतं, घर नव्हतं, पत्र्याच्या शेडात राहत होते, बायकोच्या दवाखान्याला पैसा लागत होता. वहिनी म्हणाली, "तुमी अंगठा द्या. पण मग तेरावंबी घालावं लागंल, आन् त्या जेवणाला मी पाणी वाढणार न्हाई." त्यानं अंगठा दिला नाही. पुढं नव्या गावात घर मिळालं. जमिनीच्या मानानं अडीचशे फुटाचं, चारशे फुटाचं, साडेसातशे फुटाचं अशी घरं होती. त्यांना मधलं मिळालं.

कायद्यात आहे की सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो मेला असं कोर्ट धरू शकतं. आपल्या शास्त्रात बारा वर्षं थांबायला सांगितलंय, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि सुतक धरायचं. २००५ ला बारा वर्षं झाली. बापानं विषय काढला. मी त्या घरात होतो. त्याचा जीव कशात अडकला होता ते मला माहीत आहे. त्याला पिंड द्यायचा होता, लेकराची गती अडून राहिली असं त्याला वाटत होतं. वहिनी म्हणाली, "जित्याचा पुतळा जाळला तर?" त्यावर भटजीही गप्प झाले. आमच्या जुन्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, शास्त्र आईला विचारून लावायचं असतं. पुतळा झाला नाही. बाप पुढं सहा वर्षांनी वारला.

आता अडचण अशी की जमीन अजून बापाच्याच नावानं आहे. वारस नोंद करायला गेलं की मुलाचा रकाना येतो. मुलगा असंल तर हजर करा, नसंल तर दाखला आणा. वहिनी दोन्ही करू शकत नाही. एकटीचं नाव लावायचं तर मुलाला मृत दाखवावं लागतं. फेरफार अडकून पडलाय. भावकी चांगली आहे म्हणून कसून खातात, तिला वाटा देतात. नाहीतर काय झालं असतं.

इथं तेरचा विषय काढतो, कारण तो दिंडीच्या इतिहासातलाच आहे. तेर आपल्याच तेरणेवर, वरच्या अंगाला. गोरोबाकाकांचं गाव. भूकंप झाला तोही याच तेरणेच्या खोऱ्यात. काकांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना रांगतं लेकरू पायाखाली आलं, आणि पुढं पंढरीला नामदेवरायांच्या किर्तनात काकांचे तुटलेले हात परत आले आणि लेकरू रांगत आईकडं आलं. आपल्या दिंडीत हे आख्यान दर वारीला एका मुक्कामाला व्हायचं, बाबांच्या आधीपासून. १९९३ नंतर ते बंद झालं. कुणी ठराव केला नाही. पण समोर बसलेल्या बायकांत किती जणींची लेकरं मातीखाली गेलेली, त्यांच्यापुढं मातीत तुडवलेल्या लेकराचं आख्यान लावायला तोंड उघडत नव्हतं. तुकोबारायांचंही दुष्काळात बायको-पोर गेलं, ते सांगायचो. त्यात पोर परत येत नाही, त्यामुळं ते सांगता येत होतं.

पुतळ्याचा विषय झाला त्याच्या पुढच्या आषाढीत वहिनीच मला म्हणाली, "काकाचं आख्यान का सांगंनाव?" मी म्हणालो, बायका रडतील. ती म्हणाली, "रडतील. न सांगता बी रडतातच की." त्या साली सोलापूरच्या अलीकडच्या मुक्कामाला मी ते लावलं. लेकरू परत येतं तिथं टाळ वाजायचे थांबले होते, पखवाजही थांबला, मला एकट्यालाच बोलत राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी चालताना वहिनी माझ्या बाजूला आली. तिनं एकच विचारलं. "महाराज, संतीनं ते लेकरू वळखलं कसं? तुडवलेलं लेकरू नि आलेलं लेकरू एकच, हे तिला कसं कळलं?"

चाळीस वर्षं किर्तन करतो. हा प्रश्न ना कुठल्या पोथीत वाचला ना कुठल्या महाराजांच्या तोंडून ऐकला. मी म्हणालो, आईच ती. वहिनी म्हणाली, "आई असून बी भ्याव वाटतंय. आता तो अठरा-एकोणीसचा असंल. पुढ्यातनं गेला तर मी बाजूला सरून वाट दीन आन् तो जाईल."

आता या नावाचा दिंडीच्या कागदात काय पुरावा आहे ते सांगतो, कारण समितीचा निर्णय त्याच्यावर झाला. दिंडीच्या भिशीच्या वह्या आपल्याकडं सगळ्या नाहीत, जुन्या ढिगाऱ्यात गेल्या. पण १९९४ पासूनच्या आहेत. १९९४ च्या आषाढीला वहिनी काठी टेकत दिंडीत आली, सगळा रस्ता चालता आलं नाही, निम्मा ट्रकमध्ये बसून. तिनं दोन भिशा भरल्या. एक स्वतःची पूर्ण, एक लेकराची निम्मी. त्या वेळचे हिशोबनीस पैसे घ्यायला कचरत होते. ती म्हणाली, वाटंत भेटला तर त्याला उपाशी ठेवायचं का? त्यांनी पावती फाडली. तेव्हापासून दर साली पावती फाडली आहे. बारा वर्षांच्या आतल्या पोराला निम्मी भिशी हा आपल्या दिंडीचा नियम. २००० सालच्या वहीत त्या नावापुढं निम्मीच्या जागी पूर्ण रक्कम आहे. कुणी मागितली नव्हती, तिनं आपणहून भरली, कारण तो आता बाराच्या वर गेला होता. त्याच्या वाटणीचं ताट वाढलं जातं आणि वाटंतल्या ज्या पोराला भूक असंल ते जेवतं. ज्या दोन वर्षी कोरोनानं वारी झाली नाही त्या दोन वर्षी तिनं पैसे आणून दिले, हिशोबनिसांनी परत केले.

बैठकीत जे म्हणत होते की मयतांच्या यादीत नाव घाला, त्यांचं चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, शंभर वर्षांनी कुणी वाचंल त्याला खरं कळलं पाहिजे, बाकीच्यांच्या घरच्यांनीही काळजावर दगड ठेवूनच नावं दिली. त्यावर आपल्या आताच्या विणेकऱ्यांनी भिशीच्या वह्या आणून पुढं ठेवल्या. म्हणाले, ज्याच्या नावानं आपण तीस साल भिशी घेतली त्याला मयत कसं छापायचं? मग कुणी बोललं नाही.

दिंडीचा हा ग्रंथ लातूर, धाराशिव, सोलापूर, पलीकडं कर्नाटकात आळंद, बसवकल्याणपर्यंत वारकऱ्यांच्या घरात जाणार आहे. म्हणून सगळ्या माऊलींना विनंती. १ ऑक्टोबर १९९३ च्या आगंमागं भूकंपातून आणलेलं पाच-सहा वर्षांचं पोरगं आपल्या गावात, पाव्हण्यात, कुणाच्या घरी वाढलं असंल, किंवा त्या दिवसांत एखादं अनोळखी लेकरू आपल्या शिवारात पुरलं असंल, तर तसं दिंडीला कळवावं. कुणावर तक्रार करायची नाही, कुणाकडून काही परत मागायचं नाही, हे वहिनीनं माझ्याकडून लिहून घ्यायला लावलं आहे. डाव्या भुवईत आडवी खोक आहे. ते आता छत्तीस-सदतीसचं असंल. वहिनी आता पासष्टीला आली, कमरेमुळं वाकून चालते, दिंडीत तिसऱ्या ओळीत असते, डोक्यावर तुळस.